रोबोने करता का तुम्ही?

सायन-पनवेल हायवेवर वाशीचा टोलनाका मागे पडला की गुडघे सुरू होतात. होर्डिंगवर हसरे आजी-आजोबा, त्यांच्या मागे पांढरा यांत्रिक हात आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘रोबोटिक नी रिप्लेसमेंट’. बेलापूर येईपर्यंत वाटायला लागतं की नवी मुंबईत आता हाताने ऑपरेशन करणारा डॉक्टर उरलाच नसावा. याची झळ आमच्या दारापर्यंत आलीय. अँजिओप्लास्टी होते त्या कॅथलॅबबाहेरच्या बाकावर बसलेले नातेवाईक संमतीच्या फॉर्मवर सही करता करता विचारतात, “मॅडम, रोबोने करता का तुम्ही?”

मी नेरूळच्या बाजूला एका हॉस्पिटलात कॅथलॅब टेक्निशियन आहे. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही, आमच्या एचआरला ब्लॉग हा प्रकार आवडत नाही. आमच्याकडे हृदयाच्या केसेस जास्त, माने-मेंदूच्या त्यामानाने कमी. रोबो नाही. एरवी मी “नाही हो” म्हणून आत जाते. पण यंदा पावसाळ्यात हा प्रश्न घरातूनच आला आणि “नाही हो”वर भागेना.

मामा ठाण्याच्या नौपाड्यात राहतो. वागळे इस्टेटमधल्या कंपनीतून रिटायर झाला, वय एकाहत्तर. सकाळी तलावपाळीला एक फेरी मारायची, मग बाकावर बसून पेपर वाचायचा, हा नेम. त्या दिवशी पेपर वाचताना डाव्या डोळ्यापुढे वरून खाली पडदा उतरत आला. दुखलं नाही, चक्कर नाही. चारपाच मिनिटांत पडदा परत वर गेला आणि मामाने पेपर पुरा केला. घरी येऊन मामीला बोलला ते चहाच्या वेळी, तेही “मोतीबिंदूचं लेन्स हललं वाटतं” असं.

नशीब चांगलं म्हणून डोळ्यांचे डॉक्टर हुशार निघाले. डोळा तपासला, मागचा पडदा बघितला आणि चष्म्याच्या नंबरावर वेळ न घालवता म्हणाले, मानेचं डॉपलर, म्हणजे नळ्यांतलं रक्त दाखवणारी सोनोग्राफी, आजच करा. डोळ्याला रक्त देणारी बारीक नळी निघते ती मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिडमधून. कॅरोटिडच्या आत साचलेल्या थरातून एखादा कण सुटला आणि डोळ्याच्या नळीत गेला तर असा पडदा पडतो. तोच कण थोडा वेगळ्या वाटेने गेला असता तर मामाचा उजवा हात गेला असता, बोलणं गेलं असतं. काही मिनिटांत येऊन जाणाऱ्या अशा झटक्याला डॉक्टर टीआयए म्हणतात. आपल्याकडे लोक “जरा अंधारी आली” म्हणतात आणि लिंबूपाणी पितात. डाव्या कॅरोटिडमध्ये ऐंशी टक्के ब्लॉक निघाला.

अशी सूचना मिळाल्यावरचे पहिले काही दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. लक्षणं देणारा एवढा ब्लॉक असेल तर जे काही करायचं ते शक्यतो दोन आठवड्यांच्या आत करा, असं सगळीकडची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. म्हणजे आमच्याकडे चर्चेला वेळ फार नव्हता. आणि तेवढ्यात पुण्याहून मामेभाऊ आला, लॅपटॉप घेऊन.

त्याने रात्रभर वाचलेलं होतं. त्याचं म्हणणं, अहमदाबादच्या डॉक्टरांनी देवळात बसून अँजिओप्लास्टी केली, मग आपण मामाला, म्हणजे त्याच्या बाबांना, जुन्या पद्धतीने का करायचं?

देवळाची गोष्ट खरी आहे. डिसेंबर २०१८. डॉ. तेजस पटेल गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारात बसले होते आणि पेशंट होते अहमदाबादच्या एपेक्स हार्ट इन्स्टिट्यूटमध्ये, सुमारे ३२ किलोमीटरवर. पाच पेशंट, कोरपाथ नावाचा रोबो, मध्ये इंटरनेटची लाइन. पण त्या बातमीत दोन गोष्टी बारीक अक्षरांत होत्या. एक, या सगळ्या हृदयाच्या नळ्या होत्या, मानेच्या नव्हत्या. दुसरी, अहमदाबादच्या लॅबमध्ये पेशंटजवळ पूर्ण टीम उभी होती. पंक्चर करणारे, कॅथेटर म्हणजे पोकळ लवचिक नळी बसवणारे, काही बिघडलं तर हातात वायर घेऊ शकणारे डॉक्टर, सगळे. देवळात बसलेला माणूस एकटा काही करत नव्हता.

मी भावाला म्हटलं, “तू गुडघ्याच्या रोबोशी याची गल्लत करू नकोस.” गुडघ्याचा रोबो हाडाचं माप घेतो, कुठे किती कापायचं ते ठरल्याप्रमाणे कापू देतो. पोटाच्या ऑपरेशनचा रोबो म्हणजे लांब बारीक हात, डॉक्टर बाजूच्या खुर्चीत. नळ्यांचा रोबो तिसरीच जात. त्याला कापायचं काही नसतं. टेबलाच्या कडेला एक हात बसवलेला असतो, त्याच्या टोकाला वापरून फेकून द्यायची प्लास्टिकची कॅसेट. त्या कॅसेटमध्ये वायर आणि कॅथेटर अडकवायचे. आतले रोलर ते पुढे ढकलतात, मागे ओढतात, गोल फिरवतात. डॉक्टर खोलीच्या कोपऱ्यात शिसं घातलेल्या काचेमागे किंवा पलीकडच्या खोलीत बसून जॉयस्टिक हलवतात. स्क्रीनवर बोट टेकलं की वायर नेमकी एक मिलिमीटर सरकते. हाताने एक मिलिमीटर सरकवून बघा. आमचे सर वीस-बावीस वर्षं हेच करताहेत, ते करतात. नवीन मुलांचा तो दीड होतो, कधी तीन होतो.

यातली खरी मेख पेशंटच्या अंगात नाही, डॉक्टरांच्या अंगावर आहे. कॅथलॅबमध्ये एक्स-रे चालू ठेवून काम करावं लागतं. म्हणून अंगावर शिशाचा एप्रन, गळ्यात थायरॉइड कॉलर, डोळ्याला जाड चष्मा. एप्रन पाच-सात किलोंचा. दिवसात चार-पाच केसेस लागल्या की संध्याकाळी सर खुर्चीत बसताना आधी टेबल धरतात, मग बसतात. त्यांच्या कमरेतल्या दोन चकत्या सरकलेल्या आहेत आणि या धंद्यात ते अपवाद नाहीत. कोरपाथच्या आधीच्या मॉडेलवर प्रिसाइज नावाचा अभ्यास झाला होता, २०१३ मध्ये छापून आला. १६४ हृदयाचे पेशंट. काम फत्ते होण्याचं प्रमाण हाताच्या तोडीचं, ९७ टक्क्यांच्या वर. आणि मुख्य डॉक्टरला लागणारे किरण टेबलाजवळच्या तुलनेत ९५ टक्क्यांनी कमी.

मुख्य डॉक्टरला. हे वाक्य वाचताना मी नेहमी थांबते.

एका कॉन्फरन्समध्ये अशा यंत्राचा डेमो ठेवला होता. मी खुर्चीत बसून जॉयस्टिक फिरवली. सिलिकॉनच्या खोट्या नळीत वायर इतकी मऊ गेली की मजा वाटली. उतरताना कंपनीच्या मुलाला विचारलं, “मधे कॅथेटर बदलायचा झाला तर कॅसेट कोण उघडणार?” तो म्हणाला, “तुम्हीच ना मॅडम, स्टाफ असतो ना तिथे.” स्टाफ असतो. काचेमागे जातात सर, टेबलापाशी उरतो आम्ही. अंतर दुप्पट झालं की किरण चौथाईवर येतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. म्हणजे फ्लुरो, म्हणजे सलग चालणारा एक्स-रे, चालू असताना मी दोन पावलं मागे जाऊ शकते, जातेही. पण वायरची शेपटी सांभाळायला, सलाइनचा फ्लश बघायला, पेशंटचा हात धरायला पुढे कुणीतरी लागतंच. किती किरण लागले ते टिपणारा छातीवरचा टीएलडी बॅज दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. अणुऊर्जा नियामक मंडळाने आमच्यासाठी मर्यादा घातलीय, पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. मंडळाचं ऑफिस अणुशक्तीनगरला, वाशीची खाडी ओलांडली की जवळच. माझा आकडा मर्यादेच्या पुष्कळ खाली असतो. तरी बॅजचा रिपोर्ट आला की आधी स्वतःचं नाव शोधते.

असो. भावाचा मुद्दा मानेचा होता.

मानेच्या कॅरोटिडवरचं पहिलं गाजलेलं ऑपरेशन १९५४ सालचं, लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधलं. अमेरिकेत डिबेकी यांनी त्याच्या आदल्या वर्षी एक केलं होतं, पण ते छापून यायला बराच काळ गेला. आज ते असं करतात: मान उघडायची, नळी चिरायची, आतला थर सोलून काढायचा आणि शिवायचं. आजही हे ऑपरेशन उत्तम आहे, सत्तरीपुढच्या बऱ्याच पेशंटना स्टेंटपेक्षा, म्हणजे आतून जाळीची नळी बसवून ब्लॉक उघडण्यापेक्षा, तेच बरं पडतं. २०१० मध्ये आलेल्या, या दोन्हींची तुलना करणाऱ्या क्रेस्ट अभ्यासात २,५०२ पेशंट होते. सुरुवातीच्या काळात स्ट्रोक स्टेंटवाल्यांना ४.१ टक्के, ऑपरेशनवाल्यांना २.३ टक्के. हार्ट अटॅक उलट, स्टेंटवाल्यांना १.१ आणि ऑपरेशनवाल्यांना २.३. वय वाढेल तसा तराजू ऑपरेशनकडे झुकत गेला.

मग एकाहत्तरच्या मामाला स्टेंट का? कारण मामाला २००९ साली जिभेचा कॅन्सर झाला होता. परळला टाटात ऑपरेशन, मग मानेला दोन्ही बाजूंनी शेक, म्हणजे रेडिएशन. तंबाखू तेव्हा सुटली ती सुटली. पण शेक दिलेली मान चामड्यासारखी होते, ती परत उघडायची तर नसांना धक्का लागतो, जखम भरत नाही. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, शेकामुळेच काही वर्षांनी कॅरोटिडच्या आतला थर वाढतो. कॅन्सरमधून बरे झालेल्या लोकांना हे कुणी फारसं सांगत नाही. मान शेकलेल्या प्रत्येकाने काही वर्षांनी डॉपलर करून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. सोनोग्राफीच ती, सुई नाही, किरण नाहीत.

तर स्टेंट ठरला. आता रोबो.

मानेच्या नळीसाठी रोबो वापरून झालेला नाही असं नाही. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन हॉस्पिटलमध्ये कोरपाथच्या नव्या मॉडेलने मनगटातून जाऊन कॅरोटिड स्टेंटिंग केलं गेलं, २०२० मध्ये ते प्रसिद्ध झालं. संख्या बोटांवर मोजण्याइतकी. त्याच्या आधी नोव्हेंबर २०१९ मध्ये टोरोंटोच्या डॉ. व्हिटर मेंडिस परेरा यांनी मेंदूतल्या नळीला आलेल्या फुग्यावर रोबोच्या मदतीने उपचार केले होते. आणि लंडनमध्ये, त्याच सेंट मेरीजच्या लोकांनी मॅजेलन नावाच्या वेगळ्या रोबोने कॅरोटिडच्या केसेस केल्या. मला यातलं लंडनचं काम सगळ्यात शहाणं वाटतं, आणि त्याला कारण आहे.

मानेच्या केसमध्ये मान हा सोपा भाग असतो! ऐकायला विचित्र वाटेल. मांडीतून निघालेली वायर पोटातून, छातीतून वर येते आणि हृदयाच्या डोक्यावर महाधमनीची कमान लागते. या कमानीवरून तीन फांद्या निघतात. डावी कॅरोटिड मधली. तरुण माणसात कमान गोल आणि फांद्या तिच्या माथ्यावर, कॅथेटर सहज वर चढतो. वय झालं, बीपी राहिलं की कमान लांबते, टोकदार होते आणि फांद्यांची तोंडं खाली घसरतात. मग कॅथेटर वर जाऊन परत खाली येऊन पुन्हा वर चढवावा लागतो आणि ढकलला की तो फांदीत शिरायच्या ऐवजी हृदयाकडे घसरतो. या झटापटीत कमानीच्या भिंतीवर कॅथेटर घासला जातो. त्या भिंतीवरही वर्षानुवर्षांचा चुना-चरबी असते. तिथून सुटलेला कण मेंदूत जातो आणि तोवर कण अडवणारा आपला संरक्षक फिल्टर तर अजून पाकिटातच असतो.

मॅजेलनच्या कॅथेटरचं टोक दुरून हवं तसं वाकवता येत असे. भिंतीला न घासता, मधोमध राहून फांदीच्या तोंडाशी टोक न्यायचं, ही त्यामागची कल्पना. म्हणजे रोबो जिथे खरा अवघड घाट आहे तिथे लावला. पण ती बनवणारी हॅन्सन मेडिकल कंपनी २०१६ मध्ये ऑरिस नावाच्या कंपनीने विकत घेतली आणि मॅजेलन मागे पडला. कोरपाथ बनवणारी कोरिंडस २०१९ मध्ये सीमेन्स हेल्थिनियर्सने सुमारे एक अब्ज दहा कोटी डॉलरना घेतली, आणि २०२३ मध्ये हृदयाच्या रोबोचा धंदा आवरून फक्त मेंदूच्या नळ्यांवर लक्ष देणार असं जाहीर केलं. एवढे पैसे ओतलेली कंपनी हात आखडता घेते तेव्हा त्यात काहीतरी असतं. डॉक्टर चांगल्या हाताने पाऊण तासात करतात ती केस मशीन मांडून, कॅसेट लावून करायची तर तास-सव्वा तास. फायदा कुणाला, तर डॉक्टरच्या कमरेला. खर्च कुणाला, तर पेशंटला. (विम्याचं म्हणाल तर विमा नियामक आयआरडीएआयने २०१९ मध्ये केलेल्या नियमांनुसार रोबोटिक सर्जरी विम्यातून सरसकट वगळता येत नव्हती, पण तिला वेगळी कमाल रक्कम ठरवता येत होती. आपली पॉलिसी उघडून तेवढी ओळ वाचून ठेवा.)

आणि कोरपाथ मुळात बेतलेला आहे हृदयाच्या बारीक नळ्यांसाठी. कॅरोटिडमध्ये मांडीतलं पंक्चर हाताने. कमानीवरून जाडसर शीथ, म्हणजे बाकीचं सामान जिच्यातून जातं ती बाहेरची नळी, फांदीत बसवणं बहुतेक हाताने. कॅरोटिडचा स्टेंट निटिनॉल नावाच्या मिश्रधातूचा, स्वतः उघडणारा. त्याच्यावरचं आवरण मागे ओढलं की तो फुलतो, तेही हाताने. रोबो मधला तुकडा सांभाळतो. वायर ब्लॉकमधून पलीकडे नेणं, फिल्टर जागेवर धरून ठेवणं, बलून सरकवणं. यात तो खरंच स्थिर असतो. कंटाळत नाही, थरथरत नाही. पण वायरचं टोक कुठे अडलं, भिंत मऊ आहे की टणक, हे बोटांना जे कळतं ते जॉयस्टिकला कळत नाही, त्यासाठी स्क्रीनवरच विसंबावं लागतं. आमचे सर फ्लुरो बंद असतानाही वायरला दोन बोटांत जरा फिरवून म्हणतात, “नाही, ही शाखेत गेलीय.” फ्लुरो लावला की वायर शाखेत असते.

भावाला हे सगळं मी नौपाड्यातल्या त्यांच्या स्वयंपाकघरात सांगत होते आणि मामा बाहेरून ओरडला, “अगं, मला कोण करणार तेवढं सांग. माणूस की मशीन?” म्हटलं, “माणूस, मामा.” “किती केल्यात त्याने?” हा प्रश्न मला फार आवडला. वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेला माणूस आहे, मशीनपेक्षा मशीनवर कोण उभा आहे ते आधी विचारतो. रोबोचं विचारणाऱ्यांनी हे विचारावं. कॅरोटिड वर्षाला किती करता, त्यात स्ट्रोक किती झाले. चांगला डॉक्टर रागवत नाही, आकडा सांगतो. आमच्या सरांनी सांगितला.

ठाण्याहून येताना मामाने गाडी नाकारली. दहा नंबर प्लॅटफॉर्मवरून ट्रान्स हार्बरने नेरूळला आला, मामी कपड्यांची पिशवी घेऊन मागे. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या, अॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, आधीपासून चालू होत्या.

कॅरोटिडच्या केसला पेशंटला झोपवत नाहीत. मांडीत फक्त सुन्न करायचं इंजेक्शन. मेंदूकडे रक्त नीट जातंय का हे सांगायला पेशंटसारखं दुसरं यंत्र नाही. डाव्या बाजूचा मेंदू म्हणजे उजवा हात आणि बोलणं. म्हणून मामाच्या उजव्या हातात एक पिवळं रबरी बदक दिलं. दाबलं की चीं करणारं, लहान मुलांच्या आंघोळीचं. सर म्हणाले की दाबायचं आणि नाव सांगायचं. मामाने सांगितल्याशिवायच दर दहा सेकंदांनी दाबायला सुरुवात केली. सरांनी दोनदा “काका, थांबा जरा” म्हटलं. मी काचेच्या या बाजूला नव्हते, टेबलाशी होते. घरचा पेशंट असला की टेबलाशी उभं राहू नये अशी पद्धत आहे. सरांनी विचारलं होतं, मी राहते म्हटलं.

कमान मामाची वाईटच होती. तिथेच वेळ गेला. दोन कॅथेटर बदलून तिसऱ्याने तोंड सापडलं. पुढे शीथ बसली आणि मग काम सरळ. वायर ब्लॉकमधून वर गेली, कवटीच्या तळाजवळ फिल्टरची छत्री उघडली. ती मेंदूकडे जाणारं रक्त जाऊ देते आणि कण अडवते. स्टेंट सुटला. मग आतून तो भिंतीला बसवायला बलून फुगवायचा, आणि इथे दरवेळी सगळ्यांचे डोळे मॉनिटरकडे वळतात. कॅरोटिडला जिथे दोन फाटे फुटतात तिथेच शरीराचा रक्तदाब मोजणारी जागा असते. बलूनने ती दाबली गेली की मेंदूला वाटतं दाब एकदम चढला आणि तो हृदयाला हळू व्हायला सांगतो. मामाचे ठोके बहात्तरवरून अडतीसवर आले. सिस्टरच्या हातात ठोके वाढवणारं अॅट्रोपिन भरून तयार होतं, ते गेलं. बलून सैल केला. पन्नास, साठ, अडुसष्ट. सर म्हणाले, “काका, बदक.” एक क्षण काही नाही. मग चीं. “नाव सांगा.” मामाने नाव, पत्ता, पिनकोडसकट सांगितला.

फिल्टर बाहेर काढून पांढऱ्या गॉजवर झटकला. तीन-चार पिवळसर कण, बारीक रव्यासारखे. एवढ्याशा गोष्टीने माणूस बसल्या जागी मुका होतो. मी तो गॉज भावाला काचेतून दाखवला. त्याने फोटो काढू का विचारलं, मी नाही म्हटलं.

रात्रभर आयसीयूत बीपी मुद्दाम खाली ठेवलं. ब्लॉक निघाल्यावर मेंदूत रक्त एकदम जोरात जातं, त्याची सवय नसलेल्या नळ्या फुटू शकतात. दुसऱ्या दिवशी मामाने इडली मागितली, सांबार नको म्हणाला.

मग रोबो कुठेच नको का? तसं मी म्हणत नाही. मला तो जव्हार-मोखाड्याला हवाय. स्ट्रोकमध्ये मेंदूची मोठी नळी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख न्यूरॉन मरतात असा हिशोब २००६ मध्ये मांडला गेलाय. गुठळी ओढून काढायची सोय मोठ्या शहरांपुरती. बहुतेकांना ती सहा तासांत करावी लागते, काही निवडक पेशंटमध्ये चोवीस तासांपर्यंत चालते. मोखाड्याहून निघालेली अँब्युलन्स घाट, खड्डे आणि घोडबंदरचं ट्रॅफिक पार करून ठाण्यात येईपर्यंत त्यातला किती वेळ उरतो ते इथल्या कुणालाही विचारा. तालुक्याजवळच्या एखाद्या लॅबमध्ये पेशंट टेबलवर आणि गुठळी काढणारा डॉक्टर ठाण्यात जॉयस्टिकवर, हे जमलं तर ते होर्डिंगवर लावण्यासारखं आहे. देवळातल्या प्रयोगाचा खरा अर्थ मला तोच वाटतो. पण त्यासाठी तिथे लॅब हवी, वीज हवी, नेटवर्क हवं. आणि पंक्चर करून शीथ बसवणारा, लाइन तुटली तर वायर हातात घेणारा प्रशिक्षित माणूस तिथे हवा. रोबो विकत घेता येतो, हा माणूस घडवायला सात-आठ वर्षं लागतात. सगळे पहिल्या गोष्टीबद्दल बोलतात.

सरांनाही मी विचारलं, मिळाला तर घ्याल का? कमरेला हात लावून म्हणाले, “उद्या आणलास तर परवापासून बसतो.” मग म्हणाले, कमान हाताने करीन, पुढचं त्याला देईन. मला हे पटलं. एक अट मी घातलीय: टेबलाजवळच्या माणसासाठी सरकणारी शिशाची ढाल त्याच ऑर्डरमध्ये हवी. ते हसले. मी हसले नाही.

महिन्याने मामाचं डॉपलर झालं. डावा स्टेंट स्वच्छ, प्रवाह छान. उजवीकडे पन्नास टक्के ब्लॉक दिसला, शेक दोन्हीकडे दिला होता तेव्हा नवल नाही. भावाचा लगेच फोन, “ताई, उजवीकडचं रोबोने होईल ना?” उजवीकडे लक्षणं नाहीत, पन्नास टक्क्यांना कुणी हात लावत नाही. गोळ्या, बीपी, साखर आणि चालणं. पुढचं डॉपलर सहा महिन्यांनी. तोवर कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी आणि अॅस्पिरिन बंद करायची नाही, क्लोपिडोग्रेल कधी थांबवायची ते सर सांगतील. हे सगळं मोठ्या अक्षरात लिहून मी मामीच्या हातात दिलंय. मामाला सांगून उपयोग नाही, बरं वाटायला लागलं की तो पहिली गोळी स्वतःच्या मनाने सोडतो.